प्रोजेक्टरची साल

प्रिय आत्या,

तुझ्या दोन्ही पावलांना हात लावून नमस्कार. (आधी शिलाई मशीनच्या पायडलवरून पाय बाजूला घे, म्हणजे माझी बोटं चेमटणार नाहीत.) मी इकडे बरी आहे. वेळेवर जेवते, कुलूप लावल्यावर दोनदा ओढून बघते, आणि गॅस बंद केला का हे बघायला जिन्यावरून परत वर येणं आता तीन वेळांवरून एकावर आलं आहे, तेव्हा काळजी नसावी. तुझे गुडघे कसे आहेत? बाबांचा खोकला कसा आहे? आणि तुझे डोळे? बाबा फोनवर सांगत होते की मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख तू तिसऱ्यांदा पुढे ढकललीस, आणि वर त्यांना दम दिलास की पोरीला यातलं काही कळता कामा नये. त्यांनी लगेच कळवलं. पण मागच्या खेपेला आपलं भांडण झालं तेव्हा मी तुला शब्द दिला होता की यापुढे कुठल्याही पत्रात ऑपरेशनचा विषय काढणार नाही, आणि शब्द दिला की मी तो पाळते, हे तुला ठाऊक आहे. म्हणून या पत्रात त्यावर आता एक अक्षरही नाही. (वरची तीन-चार वाक्यं प्रकृतीची चौकशी म्हणून लिहिली आहेत, ती मोजू नयेत.)

या पहिल्या पानावरचं अक्षर एवढं ढब्बू का, असं तुला वाटेल. दिवसभर फळ्यावर लिहून हाताला तशीच सवय लागली आहे, असं समज.

आता मुद्द्यावर येते. हे पत्र तुझे आभार मानण्यासाठी आहे. कशाबद्दल ते शेवटी सांगते, कारण आधी सांगितलं तर तू पुढचं ऐकणार नाहीस. आभार म्हटले की तू उठून कुकर लावायला जातेस.

झालं असं, की आमच्या शाळेतून शिकून गेलेल्या एका बाईंनी शाळेला प्रोजेक्टरसाठी देणगी दिली. (प्रोजेक्टर म्हणजे पुस्तकातलं चित्र भिंतीएवढं मोठं करून दाखवणारं यंत्र. शिलाई मशीनच्या कंपनीने मेळावा घेतला होता तिथे तू ते पाहिलं आहेस. तुझ्या शेजारची बाई तुझ्या खांद्यावर झोपली होती, ते.) अट एकच, की निवड महिनाअखेरच्या आत व्हावी, नाहीतर ती देणगी शाळेच्या नव्या फाटकाला वळवावी. मुख्याध्यापिकांनी, म्हणजे आमच्या मोठ्या बाईंनी, स्टाफरूममध्ये विचारलं की निवडीचं काम कोण घेईल. सगळे खिडकीबाहेर बघायला लागले. मीही बघितलं, पण मला जरा उशीर झाला. विज्ञानाचे सर म्हणाले, यांनाच द्या, या शंका फार काढतात. हे कौतुक होतं की दुसरं काही, याचा मी चार दिवस विचार केला आणि शेवटी कौतुक धरून कामाला लागले.

मी शंभर पानी वही घातली. प्रोजेक्टर निवडणं हे कापड निवडण्यासारखंच आहे, आत्या. त्याचा उजेड ल्युमेन नावाच्या मापात मोजतात; ल्युमेन जास्त असले की खिडक्या उघड्या ठेवूनही चित्र दिसतं. यंत्र भिंतीपासून जितकं लांब न्यावं तितका चित्राचा पन्हा वाढतो, पण पोत विरळ होतो. जवळ ठेवून मोठं चित्र पाडणारीही यंत्रं असतात, त्यात बाईंची सावली मध्ये येत नाही. शिवाय त्याच्या पंख्याचा आवाज किती, दिवा किती वर्षं टिकतो, तिरकं ठेवलं तर चित्र सरळ करता येतं का, असे माझे एकूण सत्तेचाळीस प्रश्न झाले. वर्ग तुझ्याच शिवणाच्या टेपने मोजला. (ती साठ इंचांवर संपते आणि वर्ग संपत नाही, म्हणून खडूने खुणा करत गुडघ्यांवर सरकत गेले. मुलांना वाटलं माझं काहीतरी हरवलं आहे. चौघं जण शोधायलाही लागले.)

पण या सत्तेचाळीसांमधला खरा प्रश्न एकच होता: शेवटच्या बाकावरून दिसतं का? तुला सांगितलं नव्हतं, पण मी उंच म्हणून शाळेत सहा वर्षं शेवटच्या बाकावर बसले, आणि फळ्यावर उजेड चमकून अर्धंच दिसायचं. दिसत नाही असं म्हणायची हिंमत झाली नाही. आपल्या घरातून शाळेत गेलेली मी पहिलीच, विचारायचं कुणाला? मला वाटायचं शिक्षण असंच अंधुक असतं. म्हणून मी ठरवलं होतं की माझ्या वर्गात येणारं यंत्र शेवटच्या बाकाला लख्ख दिसणारं असेल, नाहीतर आम्हाला फाटकच बरं. त्यासाठी मी एक चित्र तयार केलं: वर मोठा बेडूक, खाली सात ओळी, प्रत्येक ओळ वरच्या ओळीपेक्षा बारीक. मूल शेवटच्या बाकावर बसवायचं आणि ते कुठल्या ओळीवर अडतं ते वहीत मांडायचं.

शाळा वीस वर्षं ज्यांच्याकडून पंखे आणि दिवे घेते त्या दुकानदारांनी तीन कोरी, खोक्यातली यंत्रं आठ दिवसांच्या बोलीवर दिली. फार सज्जन माणूस. मला बसायला खुर्ची दिली, सत्तेचाळीसपैकी चव्वेचाळीस प्रश्नांची उत्तरं दिली आणि निघताना म्हणाले, "फक्त एवढंच बघा बाई, वस्तू आहे तशी परत यायला हवी." बहुधा ते हे प्रत्येकालाच म्हणतात, जसं आपण कुणाला सावकाश जा म्हणतो. मी ते वहीत लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

आता आत्या, तू मला सांग. आपल्या घरात वाढलेल्या माणसाला वस्तू आहे तशी परत द्या म्हटल्यावर ते काय करेल? आपल्या टीव्हीच्या कडेचं प्लास्टिक अजून आहे. रिमोट पिशवीत असतो आणि पिशवीला रबर असतं. बाबांच्या घड्याळाच्या काचेवरचा पापुद्रा त्यांनी नऊ वर्षं जपला, वेळ अंदाजाने सांगितली पण पापुद्रा काढला नाही. आणि पाहुण्यांसाठी घेतलेल्या त्या दोन खुर्च्या, ज्यांच्यावरून उठताना प्लास्टिक असा आवाज करतं की पाहुणे परत बसतात. तेव्हा मी साबणाने हात धुतले, प्रत्येक खोकं कसं उघडलं त्याचे फोटो काढले, पिशव्यांच्या घड्या क्रमाने ठेवल्या, आणि यंत्राच्या भिंगावर जी पातळ, दुधी प्लास्टिकची चकती चिकटवलेली होती तिला नखसुद्धा लागू दिलं नाही. तिन्हींच्या.

पुढचं तुला कळलंच असेल. मला कळायला आठ दिवस लागले.

पहिलं यंत्र लावलं. भिंतीवर उजेड पडला, पण त्यात बेडूक काही नव्हता. शेवटच्या बाकावर एक मुलगी बसते, तिला सगळे वकीलबाई म्हणतात, कारण ती गृहपाठ न करण्याची कारणं मुद्देसूद मांडते. तिला उभं करून विचारलं, काय दिसतंय? ती म्हणाली, बाई, सकाळचं धुकं. वर्गात मत घेतलं तेव्हा उशी म्हणणारे चौदा निघाले, बटाटा म्हणणारे नऊ, आणि एकाने मोठ्या बाईंचं नाव घेतलं ते मी ऐकलं नाही असं दाखवलं. दुसऱ्या यंत्राला वकीलबाई बराच वेळ डोळे बारीक करून बघत राहिली आणि म्हणाली, काय आहे सांगता येणार नाही, पण जिवंत आहे. तिसरं पुन्हा पहिल्याच्याच वळणावर गेलं. ओळी तर कुणाला सापडल्याच नाहीत. पहिल्या बाकालासुद्धा.

विज्ञानाचे सर दारातून डोकावून म्हणाले, भिंत पिवळी आहे, तिचा दोष. रविवारी मी स्वतः भिंतीला पांढरा हात मारला. (शाळेच्या सगळ्या किल्ल्या ज्यांच्या कमरेला असतात त्या किल्लीच्या मावशी मदतीला आल्या. माझं एकच बोट रंगलं, त्या पूर्ण रंगल्या, तरी वर मलाच दमलात का विचारलं.) बेडूक आला नाही. मग वाटलं उजेड फार येतो; अकरा खिडक्यांना खाकी कागद लावले. आत भट्टी झाली. वकीलबाईने सूर्य परत कधी मिळेल अशी लेखी विचारणा केली, खाली बाविसांच्या सह्या. मग एकच जागा उरली, माझे स्वतःचे डोळे. सुट्टी काढून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी तपासलं आणि म्हणाले की इतके चांगले डोळे असलेली माणसं सहसा इथे येत नाहीत. मी विचारलं, मग धुकं कुठून येतं? ते म्हणाले की ते यंत्राला विचारावं लागेल.

म्हणून मी अहवाल लिहिला. अकरा पानी, तक्त्यांसह. निष्कर्ष असा की तिन्ही यंत्रं वर्गात वापरण्याच्या लायकीची नाहीत आणि असला माल देणाऱ्याकडून शाळेने पंखे घेण्याचाही फेरविचार करावा. हे शेवटचं वाक्य मी दोनदा खोडलं आणि तीनदा लिहिलं. खरं ते लिहायला भिऊ नये, असं तूच शिकवलं आहेस.

महिना संपायला दोन दिवस उरले होते. मोठ्या बाईंनी अहवाल वाचला, चष्मा काढून पुसला आणि दुकानदारांना वर्गातच बोलावलं, मुलांच्या समोर, म्हणजे जे काय आहे ते सगळ्यांना दिसेल. मी दुसरं यंत्र लावलं. भिंतीवर ती जिवंत वस्तू उमटली. दुकानदार मागच्या भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी रुमाल काढला आणि हळूच म्हणाले की वीस वर्षांत माझ्या मालाला कुणी असं म्हटलं नाही, पण दिसतंय ते दिसतंय, यंत्रं घेऊन जातो. आत्या, तो माणूस खोटा नव्हता हे मला त्याच्या रुमालाच्या घडीवरून कळत होतं, आणि तरी माझी अकरा पानं टेबलावर होती. मोठ्या बाई म्हणाल्या, ठीक आहे, मग फाटक.

तेवढ्यात किल्लीच्या मावशी कागद काढून खिडक्या उघडायला आल्या, टेबलाच्या पुढच्या बाजूने गेल्या आणि थांबल्या.

"बाई," त्या म्हणाल्या, "याची साल काढायची राहिलीय."

"कसली साल?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"ही काय." मावशींनी नख घातलं आणि केळं सोलावं तशी ती चकती ओढून काढली.

भिंतीवर बेडूक बसला होता. हिरवागार, पाठीवरच्या चामखिळी मोजता येतील असा, डोळे मोठ्या बाईंवर रोखून. सगळा वर्ग एकदम मागे सरकला. आणि शेवटच्या बाकावरून, कुणी न सांगता, वकीलबाई ओळी वाचायला लागली. पहिली, दुसरी, पाचवी. सातवी मी वाचायला कुणी पोहोचणारच नाही या खात्रीने लिहिली होती: इथपर्यंत वाचता आलं तर हात वर कर. ती वाचून ती थांबली आणि म्हणाली, "बाई, यात वाचा असं म्हटलंय की करा असं म्हटलंय?"

दारात येऊन उभे राहिलेले विज्ञानाचे सर म्हणाले की मला वाटलं यांनी काढली असेल, कोणीही काढतं. मोठ्या बाईंनी माझ्याकडे बघितलं. तुम्हाला ती दिसली नाही का, असं त्यांनी अगदी मऊ आवाजात विचारलं. म्हणजे मला फक्त नाही म्हणायचं होतं आणि सुटायचं होतं. पण तुझी भाची मी.

"दिसली होती," मी म्हणाले. "तिन्हींवरची. मी ती जपली. वस्तू परत द्यायची होती ना."

दुकानदारांनी रुमाल तोंडाला लावला. आधी मला वाटलं रडतायत. खांदे हलत होते. मग मोठ्या बाईंचे हलायला लागले, आणि मग मुलांना परवानगी मिळाल्यासारखं झालं. मी तिथल्या तिथे दुकानदारांची माफी मागितली, ती अपुरी वाटली म्हणून दुसऱ्या दिवशी दोन पानी लिहून दुकानात नेऊन दिली. ते म्हणाले, बाई, दुकान उघडल्यापासून मी ते वाक्य लोकांना सांगतोय, ते ऐकणारं माणूस पहिल्यांदा भेटलं. चहा पाजला. खुर्ची पुन्हा दिली.

निवड मोठ्या बाईंनीच केली. म्हणाल्या, साल असतानाही ज्याच्यातला बेडूक जिवंत वाटला त्या यंत्रात दम जास्त, दुसरं घ्या. (मी तरीही उरलेल्या दोघांच्या साली काढून, अकराही खिडक्या सताड उघडून नव्याने मोजणी केली. दुसऱ्याच यंत्राची सातवी ओळ वाचता आली, बाकीची पाचवीवर अडली. बाईंचं बरोबर होतं.) अहवाल त्यांनी परत दिला आणि पहिल्या पानावर लिहिलं: मोजणी उत्तम, फक्त साल धरून. शिक्षा नाही, टोमणा नाही. आता आमच्या वर्गात दर मंगळवारी आणि शुक्रवारी भिंतीवर काही ना काही येतं, आणि शेवटच्या बाकावर बसायला भांडणं होतात.

आता आभार. मी पहिलीत होते तेव्हा तू कापडाच्या गठ्ठ्यांवरचं पारदर्शक प्लास्टिक साठवून माझ्या पुस्तकाला मशीनवर कव्हर शिवलं होतंस, चारही बाजूंनी, की पान उलटताना कर्र वाजायचं. ते पुस्तक माझ्यानंतर तिघा भावंडांनी वापरलं आणि तरी नवं राहिलं. आणि मी मोठ्याने वाचायचे तेव्हा तू काजं करता करता त्या प्लास्टिकवर बोट ठेवून माझ्याबरोबर अक्षरं लावायचीस. तू वाचायला तिथेच शिकलीस, माझ्या आधी आठवडाभर. आपल्याकडे वस्तू झाकून ठेवायचे, कारण दुसरी येणार नव्हती. मला शाळेत सगळे हसले तेव्हा मला लाज वाटली नाही ती यामुळे. जपायला शिकवलंस म्हणून मी इथपर्यंत टिकले. साल कधी काढायची ते मला किल्लीच्या मावशींनी शिकवलं, आणि मी तुम्हा दोघींची ऋणी आहे.

बाबांना नमस्कार. गुडघ्यांना तेल लाव.

तीन यंत्रं होती तशी परत न देऊ शकलेली,
तुझी भाची

ता. क. सही झाली, म्हणजे पत्र संपलं. ताजा कलम पत्रात धरत नाहीत, हे मी आमच्या भाषेच्या बाईंना दोनदा विचारून पक्कं केलं आहे, तेव्हा शब्द मोडत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांना मी दोन प्रश्न विचारले होते, वर एकच लिहिला. दुसरा तुझा होता. ते म्हणाले, डोळ्यातलंच भिंग दुधी होतं, ते काढून स्वच्छ बसवतात, दुसऱ्या दिवशी माणूस घरी चहा करतं. भांडणात तू म्हणाली होतीस की डोळे जसे मिळाले तसे परत न्यायचे, त्याला हात कशाला लावायचा. आत्या, मीही अकरा पानं हेच म्हणत होते.

ता. क. २. पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या गुरुवारची तारीख बाबांनी तुझ्या डॉक्टरांकडून घेऊन ठेवली आहे. त्यांना ओरडू नकोस, मीच सांगितलं होतं. मला बुधवार ते शनिवार सुट्टी मिळाली आहे. अर्जात कारण खरं लिहिलं, तेव्हा मोठ्या बाई म्हणाल्या, मावशींना बरोबर नेता का?

ता. क. ३. प्रोजेक्टरला धूळ बसते, त्याला कापडी कव्हर हवं आहे. (हो, मला कळतं. पण वापर झाल्यावर घालायचं कव्हर, नुसतं जपायचं नाही.) माप सोबत जोडलं आहे. ते तूच शिवायचं, आणि ऑपरेशननंतरच, कारण टाका वाकडा आलेला मी घेणार नाही.

ता. क. ४. तू पाहिलंस का, या पत्राचं प्रत्येक पान आधीच्या पानापेक्षा बारीक अक्षरात आहे. हा ता. क. त्यातली सातवी ओळ आहे. तू तो स्वतः वाचत असशील, तर वरचं सगळं मी मागे घेते, गुरुवार रद्द, आणि तुझ्या डोळ्यांची माफी मागते. पण हे जर शेजारच्या काकू वाचून दाखवत असतील, तर काकू, ही कितव्या पानावर तुमच्याकडे आली तेवढा आकडा मला कळवा, आणि तिला म्हणावं, हात वर कर.